पटकीचा जंतू आणि पालखीची वाट
(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात वैद्यकीय सूक्ष्मजंतुशास्त्राच्या पायाभरणीचा विचार)

एखाद्या रोगाचे कारण अमुक एक जंतू आहे असे म्हणणे आणि तसे सिद्ध करून दाखविणे ह्या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. वैद्यकीय सूक्ष्मजंतुशास्त्राचा इतिहास म्हणजे हे अंतर कसे तोडले गेले ह्याचाच इतिहास होय. तो सामान्यतः पॅरिस व बर्लिन येथील प्रयोगशाळांच्या आधारे सांगितला जातो. परंतु ह्या शास्त्रातील एक अत्यंत महत्त्वाचा रोग जो पटकी, त्याची कथा आपल्या देशाच्या नद्या, विहिरी व यात्रा ह्यांना सोडून सांगता येत नाही. देहूहून पंढरपूरला जाणारी श्रीतुकाराममहाराजांची पालखी पुणे जिल्ह्यातील आपला अखेरचा टप्पा बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांतून ओलांडते. ही वाट समोर ठेवली म्हणजे जंतुशास्त्राची मूलतत्त्वे कोणती, ती कशी सिद्ध झाली व त्यांचा व्यवहारात उपयोग कोणता, हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

प्रदेश व पाणी

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. सह्याद्रीवर पडणारा पाऊस येथवर पोहोचता पोहोचता विरळ होतो आणि अवर्षण हा ह्या भागाचा जुना अनुभव आहे. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाची झळ ह्या भागाला तीव्रतेने लागली. भाटघरच्या जलाशयावर अवलंबून असलेला नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहता झाला, तेव्हापासून ह्या तालुक्यांचा काही भाग बागायती बनला. तथापि कालव्याच्या लाभक्षेत्राबाहेरील गावे दीर्घ काळ विहिरींवर व ओढ्यांच्या झऱ्यांवरच विसंबून राहिली.

येथील नद्यांची मांडणी ध्यानात घेण्यासारखी आहे. जेजुरीकडून येणारी कऱ्हा बारामतीवरून वाहत जाऊन सोनगावाजवळ नीरेस मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नरसिंहपूर येथे भीमेस मिळते आणि हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. तिकडे पुण्याची मुळा-मुठा भीमेत येते व तिचे पाणी इंदापूर तालुक्याच्या सीमेवरील उजनीच्या जलाशयात साठते. म्हणजे पालखीबरोबर माणसे ज्या दिशेने जातात, त्याच दिशेने ह्या भागातील पाणीही जाते. माणसाच्या आतड्यातून बाहेर पडून पाण्यात व पाण्यातून पुन्हा माणसाच्या तोंडात जाणारा जो रोग, त्याला ह्याहून सोयीची परिस्थिती क्वचितच मिळेल.

ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी अशी मजल दरमजल करीत बारामतीस येते आणि सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ह्या गावांवरून पुढे जाते. सराटी येथे नीरेत पादुकांना स्नान घालून पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. हा काळ पावसाळ्याच्या आरंभाचा असतो. उन्हाळ्यात आटून गेलेल्या विहिरींत थोडे पाणी उरलेले असते व त्यावर माणसांचा भार अधिक पडतो; त्यातच पहिल्या पावसाचे लोट काठावरची घाण धुऊन विहिरीत आणतात. ज्या गावाची वस्ती काही हजारांची, तेथे एका मुक्कामास कित्येक पटींनी लोक उतरतात. पटकीच्या साथी आषाढीच्या सुमारास का उद्भवत, ह्याचे निम्मे उत्तर एवढ्यातच आहे.

जुन्या समजुती व त्यांतील तथ्य

१८१७ साली बंगालमधील जेसोर भागात पटकीची मोठी साथ उद्भवली. सैन्याच्या हालचालींबरोबर व व्यापाराच्या वाटांनी ती पसरत गेली आणि १८१८ मध्ये दख्खनेत व मुंबईत येऊन पोहोचली. पेशवाईचा अस्त आणि ह्या साथीचे आगमन ह्या घटना महाराष्ट्रात जवळजवळ एकाच वेळी घडल्या. रोगाचा झपाटा असा की, सकाळी धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळपर्यंत दगावे. अशा रोगाचे कारण लोकांनी दैवी कोपात शोधावे ह्यात नवल नाही. मरीआईची शांत करणे, तिचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडणे हे उपाय गावोगाव होत असत. एका गावाने शिवेपार केलेला गाडा पुढील गावाला नकोसा होई व तो आणखी पुढे ढकलला जाई. ह्या आचारात रोग गावाहून गावी चालत जातो हे निरीक्षण अचूक होते. तो कशावर स्वार होऊन जातो एवढेच ठाऊक नव्हते.

युरोपातील विद्वानांची स्थितीही वास्तविक फारशी निराळी नव्हती. कुजलेल्या पदार्थांपासून निघणारी दूषित हवा हेच साथीचे मूळ, असे तेथे बहुसंख्य वैद्य मानीत. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांनी तर १८८४ साली, म्हणजे जंतूचा शोध लागला त्याच वर्षी, पटकी एका माणसापासून दुसऱ्यास जडते ह्या मताविरुद्ध पुस्तक लिहिले. संसर्ग मानला तर बंदरांवर विलग्नवास आला आणि विलग्नवास आला म्हणजे व्यापारास खीळ बसली. तेव्हा ह्या शास्त्रीय वादामागे व्यवहाराची बाजूही होती. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीचे उगमस्थान हिंदुस्थान असल्याचे व यात्रांमुळे तिचा फैलाव वाढत असल्याचे मत दिले होते. त्यामुळे पंढरपूरसारख्या क्षेत्रांकडे जगाचे लक्ष वेधले. मात्र प्रत्यक्षात यात्रेतील कोणती गोष्ट घातक, ह्याचे उत्तर त्या ठरावात नव्हते.

पाण्याकडे बोट

ते उत्तर लंडनच्या जॉन स्नो ह्या वैद्याने, कोणताही जंतू न पाहता, केवळ गणनेने शोधून काढले. १८५४ च्या साथीत दक्षिण लंडनच्या काही वस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी शेजारी होते. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी थेम्स नदीचे पाणी शहराच्या घाणीखालून घेई, तर लॅम्बेथ कंपनीने आपली उचल वरच्या बाजूस हलविली होती. स्नोने घरोघर चौकशी करून कोणत्या घरात कोणते पाणी येते ते ठरविले. पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले. दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे हे प्रमाण अनुक्रमे ३१५ व ३७ असे पडते. हवा एकच, वस्ती एकच, माणसे एकाच तऱ्हेची. फरक होता तो पाण्याचा.

त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी ह्या शरीरशास्त्रज्ञाने पटकीने मेलेल्यांच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली वळलेल्या आकाराचे असंख्य जंतू पाहिले व तेच रोगाचे कारण असल्याचे लिहिले. त्याच्या लेखाकडे कोणीही लक्ष दिले नाही. ह्यामागे केवळ दुर्लक्ष नव्हते. माणसाच्या आतड्यात निरोगी अवस्थेतही नाना प्रकारचे जंतू असतात. त्यांतील अमुकच दोषी, हे नुसते पाहून सांगता येत नाही. पाहण्याच्या पुढची पायरी म्हणजे वेगळे करणे होय, आणि त्यासाठी लागणारी साधने अजून निर्माण व्हावयाची होती.

शुद्ध संवर्धन आणि सिद्धतेच्या अटी

ही साधने रॉबर्ट कॉख ह्या जर्मन वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १८८० च्या आगेमागे तयार केली. द्रव रश्शात अनेक जातींचे जंतू एकत्र वाढतात व त्यांची सरमिसळ होते. त्याऐवजी घट्ट पृष्ठभागावर जंतू विरळ पसरले, तर प्रत्येक जंतूपासून वेगळा पुंजका निर्माण होतो व त्या पुंजक्यात एकाच जातीची संतती असते. ह्यालाच शुद्ध संवर्धन म्हणतात. प्रथम बटाट्याचे काप, नंतर जिलेटिन व शेवटी समुद्रशेवाळापासून मिळणारे आगर असा हा प्रवास झाला. आगर वापरण्याची सूचना फॅनी हेसे ह्या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातील अनुभवावरून केली होती. जिलेटिन उष्णतेने पातळ होते. आगर शरीराच्या तपमानालाही घट्ट राहते. पेट्री यांची झाकणाची बशी १८८७ मध्ये आली. सूक्ष्मजंतुशास्त्राची आधुनिक इमारत अशा अगदी साध्या वस्तूंवर उभी आहे.

अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो असे म्हणण्यास कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्यात, हे कॉख व त्याचा सहकारी लोफलर यांनी ह्याच दशकात निश्चित केले. रोगाच्या प्रत्येक उदाहरणात तो जंतू सापडला पाहिजे. रोग्याच्या शरीरातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा करता आला पाहिजे. हे शुद्ध संवर्धन निरोगी प्राण्याला दिले असता तोच रोग व्हावयास हवा. आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. ह्या अटींची मांडणी न्यायालयातील पुराव्याप्रमाणे आहे. आरोपी घटनास्थळी होता एवढ्याने भागत नाही. गुन्हा त्यानेच केला हे दाखवावे लागते.

१८८३ साली ईजिप्तमध्ये पटकी उद्भवली, तेव्हा जर्मनी व फ्रान्स ह्या दोन्ही देशांनी आपली पथके अलेक्झांड्रियास पाठविली. फ्रेंच पथकातील लुई थ्यूइल्ये हा तरुण संशोधक त्याच रोगाने तेथे मरण पावला. साथ ओसरल्यावर कॉख डिसेंबर १८८३ मध्ये कलकत्त्यास आला. तेथे रोग्यांच्या मलात व मृतांच्या आतड्यात त्याला स्वल्पविरामासारखा किंचित वळलेला जंतू सातत्याने आढळला व १८८४ च्या आरंभी तो त्याने शुद्ध स्वरूपात वाढविला. इतर विकारांनी मेलेल्यांत तो मिळाला नाही. एका वस्तीत पटकीचे रोगी होत होते. तेथील लोक ज्या तलावाचे पाणी पीत, त्यातच कपडे धूत व स्नान करीत, त्या तलावाच्या पाण्यातही हाच जंतू सापडला. स्नोची गणना व पाचिनीचे निरीक्षण अशा रीतीने एकत्र आले.

परंतु तिसरी अट अपुरी राहिली. कॉखने उंदीर, माकडे इत्यादी प्राण्यांना हा जंतू खाऊ घातला. त्यांना पटकी झाली नाही. आपल्याच अटींच्या कसोटीस आपला सर्वांत गाजलेला शोध पूर्णपणे उतरत नाही, ही अडचण त्याला ठाऊक होती. विरोधकांनी ह्याच जागी आघात केला. म्यूनिकचे वृद्ध आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी ऑक्टोबर १८९२ मध्ये पटकीच्या जंतूंचे संवर्धन स्वतः प्राशन केले. त्यांना थोडा अतिसार झाला, पण ते वाचले, आणि जंतू हे एकमेव कारण नव्हे असा दावा त्यांनी केला. जठरातील आम्लाने पटकीचे असंख्य जंतू मरतात, जंतूंची संख्या व त्यांचा जोम ह्यांवर रोगाची तीव्रता अवलंबून असते आणि संसर्ग झालेल्यांपैकी अनेकांना काहीच त्रास होत नाही, हे पुढे निश्चित झाले. तेव्हा पेटेनकोफर यांचा प्रयोग धाडसाचा असला तरी त्याने जंतू निर्दोष ठरला नाही. मात्र एका दृष्टीने त्यांचे म्हणणे विचारार्ह होते : बीज एकटे पुरत नाही, भूमीही लागते.

त्याच वर्षी हाम्बुर्ग शहराने निर्णायक पुरावा पुरविला. हाम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत असे. लगतचे आल्टोना शहर हाम्बुर्गची घाण मिसळलेले त्याच नदीचे पाणी खालच्या अंगाने घेई, पण वाळूच्या थरांतून गाळून. हाम्बुर्गमध्ये ८,६०० च्या आसपास माणसे मेली आणि आल्टोना बव्हंशी बचावले. दोन्ही शहरांच्या सीमेवरील रस्त्याच्या एका बाजूस साथ होती व दुसऱ्या बाजूस नव्हती.

लस आणि मुंबईची प्रयोगशाळा

जंतू हाती आल्यावर त्याविरुद्ध लस करण्याचे प्रयत्न सुरू झाले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले वाल्डेमार हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार करून जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले व कलकत्त्याच्या वस्त्यांतून त्यांनी लसीची चाचणी घेतली. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक ज्वराची म्हणजे प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारने त्यांना तेथे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी पुन्हा स्वतःवरच तिचा पहिला प्रयोग केला. ही प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या राजभवनात गेली व १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रातील वैद्यकीय सूक्ष्मजंतुशास्त्राची परंपरा प्रामुख्याने ह्या संस्थेपासून सुरू होते.

विसाव्या शतकात यात्रेपूर्वी पटकीची लस टोचणे हा आरोग्यखात्याचा नेहमीचा उपाय बनला. ह्या लसीची मर्यादा मात्र हळूहळू लक्षात आली. मारलेल्या जंतूंची ही टोचणी टोचलेल्यांपैकी निम्म्या लोकांनाच व तेही काही महिन्यांपुरतेच संरक्षण देई. शिवाय टोचलेल्या माणसाच्या आतड्यातून जंतू बाहेर पडणे तिने थांबत नसे. म्हणजे ती व्यक्तीला अंशतः वाचवी, पण गावच्या विहिरीला मुळीच वाचवीत नसे. ह्याच कारणास्तव जागतिक आरोग्य परिषदेने १९७३ साली आंतरराष्ट्रीय प्रवाशांवरील पटकीच्या टोचणीच्या दाखल्याची अट काढून टाकली. पुढे तोंडावाटे देण्याच्या लसी निघाल्या. कलकत्त्यात अजमावलेल्या अशा एका लसीने पाच वर्षांच्या काळात सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. तीही स्वच्छ पाण्याला जोड म्हणूनच उपयोगी आहे.

विषाचा शोध

कॉखची अपुरी राहिलेली तिसरी अट पूर्ण करण्याचे श्रेय बऱ्याच अंशी भारतीय संशोधकांकडे जाते. सशाच्या दूधपित्या पिलांना पटकी होऊ शकते, हे मेचनिकॉफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखविले होते; पण ती वाट पुढे फारशी चोखाळली गेली नाही. १९५५ साली हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्त व एम. के. हब्बू यांनी सशाच्या पिलांत पटकी निर्माण करण्याची खात्रीशीर पद्धत प्रसिद्ध केली. कलकत्त्यात शंभुनाथ दे यांनी १९५३ मध्ये निराळीच युक्ती योजिली होती : सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले, तर तो भाग पाण्याने टम्म फुगतो. पुढे १९५९ साली दे यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेल्या द्रवानेही हाच परिणाम होतो असे सिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईत दत्त, पानसे व कुलकर्णी यांनीही पटकीच्या विषाचा प्रभाव सशाच्या पिलांत दाखवून दिला. जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, रक्तातही जात नाही. तो आतड्याच्या पोकळीत राहून विष सोडतो आणि ते विष रोग घडविते.

ह्या विषाचे कार्य नंतरच्या संशोधनाने उलगडले. त्याचे दोन भाग आहेत. एक भाग आतड्याच्या आवरणातील पेशीस चिकटतो व दुसरा आत शिरून पेशीची क्षार बाहेर टाकणारी यंत्रणा चालूच ठेवतो. क्षारांमागोमाग पाणी येते. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. भाताच्या पेजेसारखे दिसणारे जुलाब, खोल गेलेले डोळे, सुरकुतलेली कातडी व न लागणारी नाडी ही सर्व लक्षणे ह्या एका घटनेची फलिते आहेत. पटकीचा रोगी विषाने जळून नव्हे, तर पाण्यावाचून मरतो.

मूलभूत संशोधनाचा रोग्यास लाभ कसा होतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे. आतड्याचे आवरण शाबूत असते हे कळल्यावर, त्यातून पाणी आत घेता येईल काय हा प्रश्न उद्भवला. साखर व मीठ एकत्र दिले असता आतडे ती दोन्ही एकदम शोषून घेते व त्यांबरोबर पाणीही शोषले जाते, हे तोवर शरीरक्रियाशास्त्राने दाखविले होते. ह्याच तत्त्वावर साखर-मिठाचे पाणी पाजून पटकी बरी करण्याचे प्रयोग १९६० नंतर ढाका व कलकत्ता येथे झाले. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांना शिरेतून द्यावयाचे पाणी पुरेना, तेव्हा त्यांनी हे मिश्रण तोंडाने देण्यास सुरुवात केली व मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. आजच्या प्रमाणित मिश्रणात एक लिटर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. उपचार न मिळाल्यास तीव्र पटकीचे निम्मे रोगी दगावू शकतात. वेळेवर उपचार मिळाल्यास शंभरांतील एकही दगावू नये, अशी आजची स्थिती आहे. पालखीच्या वाटेवरील आरोग्य पथकाच्या हाती असलेली ही पुडी दिसावयास क्षुल्लक असली, तरी तिच्यामागे शंभर वर्षांचे शास्त्र आहे.

ओळख कशी पटते

संशयित रोग्याचा मल प्रथम अल्कधर्मी पेप्टोन-पाण्यात ठेवतात. इतर बहुतेक आंत्रजंतूंना न मानवणाऱ्या ह्या पाण्यात पटकीचा जंतू झपाट्याने वाढतो व काही तासांत पृष्ठभागी येतो. तेथून तो विशिष्ट आगरावर पसरला असता पिवळे पुंजके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली एका शेपटीच्या जोरावर सणकन धावणारे, ग्रॅमच्या रंगक्रियेत गुलाबी दिसणारे वक्र जंतू दिसतात. शेवटी विशिष्ट रक्तद्रवाशी ते गुठळ्या करतात काय हे पाहून निदान पक्के होते. १९६१ पासूनच्या सातव्या जागतिक साथीत ‘एल टॉर’ ह्या प्रकाराने जुन्या प्रकाराची जागा घेतली. ह्या प्रकारात लक्षणरहित वाहकांचे प्रमाण पुष्कळच अधिक असते. यात्रेच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, आजारी माणूस हुडकून काढून साथ थांबविता येत नाही. निरोगी दिसणाऱ्या हजारो लोकांच्या मलाची व्यवस्था करणे आणि पाणी राखणे हाच मार्ग उरतो.

पाण्याची तपासणी मात्र वेगळ्या तत्त्वावर चालते. पाण्यात रोगजंतू थोडे असतात व त्यांचा शोध वेळखाऊ असतो. म्हणून विष्ठेत नित्य व विपुल आढळणारे कोलाय वर्गाचे जंतू पाण्यात आहेत काय, एवढेच पाहतात. ते स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात. पण त्यांची उपस्थिती पाण्यात विष्ठा मिसळल्याची साक्ष देते. पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात त्यांपैकी एकही असता कामा नये, हा दंडक आहे.

विहिरीवरील शास्त्र

ह्या सर्व ज्ञानाचे अखेरचे टोक गावच्या विहिरीवर टेकते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करण्याची पद्धत सर्वत्र होती. पुढे ती मागे पडून ब्लीचिंग पावडरीचा, म्हणजेच ग्रामपंचायतींच्या भाषेत टी.सी.एल.चा वापर रूढ झाला. ताज्या चूर्णात सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. डबा उघडा राहिल्यास तो उडून जातो व निव्वळ चुना शिल्लक राहतो. साधारणपणे हजार लिटर पाण्यास अडीच ग्रॅम ताजे चूर्ण पुरते. चार मीटर व्यासाच्या व पाच मीटर पाणी असलेल्या गोल विहिरीत सुमारे ६२,८०० लिटर पाणी भरते. तीस अंदाजे १५७ ग्रॅम चूर्ण लागेल. ते थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे व बादलीने ढवळून एक तास वाट पाहावी. त्यानंतर ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले पाहिजे. लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे इष्ट होय.

येथे एक शास्त्रीय बाब विसरता कामा नये. गढूळ पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये क्लोरीन खाऊन टाकतात व जंतूंसाठी तो उरतच नाही. सकाळी क्लोरीन टाकलेल्या विहिरीत दुपारच्या सरीने लोट आला, तर सकाळची चाचणी निरर्थक ठरते. म्हणून यात्रेच्या दिवसांत चाचणी दिवसातून एकदा नव्हे, तर पुनःपुन्हा करावी लागते आणि विहिरीला कठडा व ओटा असणे क्लोरीनइतकेच आवश्यक ठरते. अलीकडच्या वर्षांत टँकर व फिरती शौचालये ह्यांनी पालखीमार्गावर मोठी सुधारणा घडविली आहे. ह्यांतील शौचालयांचे महत्त्व टँकरहून कमी मानणे अशास्त्रीय होईल. कारण पाणी शुद्ध करणे हा दुसरा उपाय आहे, ते दूषित होऊ न देणे हा पहिला.

उपसंहार

पटकीच्या इतिहासावरून वैद्यकीय सूक्ष्मजंतुशास्त्राची तीन मूलतत्त्वे स्पष्ट होतात. विशिष्ट रोगास विशिष्ट जंतू कारण असतो. ते कारण प्रयोगाने सिद्ध करावे लागते. आणि जंतूचा मार्ग कळला म्हणजे त्याचे पूर्ण ज्ञान होण्याआधीही रोगाला अटकाव करता येतो. स्नोने जंतू न पाहता मार्ग दाखविला, कॉखने जंतू दाखविला व दे, दत्त आदींनी त्याचे शस्त्र दाखविले. ह्यांपैकी कोणतीही एक पायरी गाळली असती, तर आजचा उपचार संभवला नसता.

हे ज्ञान संपादन झाले म्हणून धोका टळला असे मात्र नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिलेन-बारे विकाराचे अनेक रोगी आढळले व त्याचा संबंध दूषित पाण्याशी आणि कॅम्पिलोबॅक्टर ह्या जंतूशी जोडण्यात आला. जंतूचे नाव निराळे होते. वाट तीच होती. बारामती-इंदापूरच्या गावांना दर आषाढात काही दिवस एका मोठ्या शहराएवढा भार सोसावा लागतो, आणि त्यांच्या नद्यांचे पाणी पुढे पंढरपुरास जाते. तेव्हा ह्या गावांतील एका विहिरीची निगा ही त्या गावापुरतीच बाब राहत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात जमणाऱ्या लक्षावधी लोकांच्या जीविताचा संबंध तिच्याशी पोहोचतो. सणसर किंवा निमगावच्या विहिरीवर ओ.टी.ची नळी हाती धरून पाण्याचा रंग पाहणारा आरोग्यसेवक हा म्हणूनच ह्या शास्त्रपरंपरेचाच एक घटक होय. आणि त्याने केलेली नोंद खरी असणे हे प्रयोगशाळेतील नोंदीइतकेच महत्त्वाचे आहे.